'थ्री बिलबोर्ड्स' पाहताना आलेले हसू आणि डिक्सनची माफी

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. गेल्या वर्षी धाकट्या भावाच्या अपघाती निधनानंतर तुम्ही आणि तुमच्या आई पहिल्यांदाच एकत्र बसून सिनेमा पाहिलात, आणि तो नेमका 'थ्री बिलबोर्ड्स आउटसाइड एबिंग, मिसूरी' निघाला. मुलगी गमावलेल्या आईची ही गोष्ट आहे याची कल्पना नसताना तुम्ही दोघी तीन-चार ठिकाणी मोठ्याने हसलात, आणि सिनेमा संपल्यावर त्या हसण्याचीच लाज वाटली, असे तुम्ही लिहिले आहे. अशा विषयावर प्रेक्षकाला हसवणे दिग्दर्शकाला शोभते का, कोठडीतल्या माणसाला छळणाऱ्या डिक्सनसारख्या पोलिसाला हा सिनेमा इतक्या स्वस्तात माफ कसा करतो, आणि शेवट असा अधांतरी का सोडला आहे, हे तुमचे तीन प्रश्न. मला ते मुळात एकच वाटतात. ज्या गोष्टीत गुन्हेगार शेवटपर्यंत सापडतच नाही, तिथे क्षमा कोणी कोणाला करायची, आणि ती होण्याआधी आपल्याला हसावे का लागते, असा तो प्रश्न आहे.

मी संकलक आहे. वीसेक वर्षे एडिट टेबलवर बसून मराठी चित्रपट आणि मालिका कापत आलो आहे, त्यामुळे माझे उत्तर समीक्षकाचे नसून कुठल्या कटवर प्रेक्षक हसतो आणि कुठल्या कटवर गप्प होतो याचा धंदा करणाऱ्या माणसाचे आहे. काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, हेही आधीच मान्य करतो. दुःख किती ताजे आहे, सिनेमा एकट्याने पाहिला की सोबतीने, संवाद कानांनी ऐकले की पडद्यावरच्या भाषांतराच्या खालच्या ओळी वाचून समजून घेतले, यावर या सिनेमातले हसू बरेच बदलते. ओळ वाचणारा प्रेक्षक विनोदापर्यंत नटाच्या आधीच पोहोचतो किंवा मागे राहतो, आणि दिग्दर्शक मॅक्डोनाच्या संवादांत तेवढ्या फरकाने पुष्कळ काही निसटते.

ज्यांनी सिनेमा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो, आणि पुढे सगळेच उघड होणार आहे हेही सांगून ठेवतो. मार्टिन मॅक्डोना हा मूळचा नाटककार. अमेरिकेच्या दक्षिण भागातून बसने प्रवास करताना एका न उलगडलेल्या गुन्ह्याविषयी रस्त्याकडेला लावलेले फलक त्याला दिसले होते, आणि ते डोक्यात घेऊन त्याने पुढे बऱ्याच वर्षांनी हा 115 मिनिटांचा सिनेमा लिहिला आणि दिग्दर्शित केला. तो 2017 मध्ये आला. एबिंग हे गाव काल्पनिक आहे. चित्रीकरण मिसूरीत नव्हे, नॉर्थ कॅरोलिनातल्या सिल्वा या गावी झाले. मिल्ड्रेड हेज हिच्या मुलीवर, अँजेलावर, बलात्कार होऊन तिला जाळून मारल्याला सात महिने झाले आहेत आणि एकही अटक झालेली नाही. म्हणून मिल्ड्रेड गावाबाहेरची तीन ओसाड होर्डिंग भाड्याने घेते आणि लाल रंगावर काळ्या अक्षरांत पोलीसप्रमुख विलोबी याला जाहीर जाब विचारते. विलोबी मुळात भला माणूस आहे, आणि स्वादुपिंडाच्या कर्करोगाने मरणपंथाला लागलेला आहे. त्याच्या हाताखालचा डिक्सन वर्णद्वेष्टा, दारुडा आणि आईच्या पंखाखाली वाढलेला हवालदार आहे. मिल्ड्रेडच्या भूमिकेसाठी फ्रान्सिस मॅक्डॉर्मंडला आणि डिक्सनच्या भूमिकेसाठी सॅम रॉकवेलला 2018 च्या समारंभात ऑस्कर मिळाले.

आता हसण्याविषयी. तुम्हाला लाज वाटली याचे मला आश्चर्य वाटले नाही, पण हा प्रकार आपल्याला परका आहे असे मात्र समजू नका. ज्या घरी माणूस गेला आहे तिथे शेजारून पिठलं-भाताचे पातेले येते आणि पहिल्या घासानंतर कोणीतरी गेलेल्याची एखादी खोड सांगतो; सगळे हसतात, मग हसलो म्हणून खाली पाहतात. दहाव्याच्या दिवशी घाटावर कावळा पिंडाला शिवत नाही म्हणून ताटकळलेली मंडळी तर मी स्वतः पाहिली आहेत. एक म्हणतो नातवाच्या मुंजीचे बोला, दुसरा म्हणतो जमिनीच्या वाटणीचे बोला, तिसरा हळूच म्हणतो की त्यांना भजी आवडायची, आणि कावळा फांदीवर बसून सगळ्यांचा अंत पाहत असतो. तिथे जो हसला त्याला दुःख नव्हते असे कोणी म्हणणार नाही. याच सिनेमात मिल्ड्रेड होर्डिंगखाली फुलांच्या कुंड्या ठेवत असताना एक हरणी जवळ येऊन उभी राहते. आपण कावळ्यात आपले माणूस पाहायला तयार असतो. मिल्ड्रेड मात्र त्या हरणीला समजावते की तू दिसायला गोड आहेस, पण तू ती नाहीस, माझ्याकडून पुनर्जन्मावर विश्वास ठेववून घेऊ नकोस. तिच्या बोलण्यावर आधी हसू येते आणि वाक्य संपेपर्यंत गळा दाटतो, कारण स्वतःची समजूत घालण्याचा सगळ्यांत सोपा मार्ग तिने आपल्यासमोर बंद केलेला असतो.

माझ्या कामातला एक अनुभव इथे उपयोगी पडेल. एका चित्रपटात मरणघरातला प्रसंग होता. म्हातारी आत्या चहात साखर कमी आहे म्हणून कुरकुरते आणि त्यानंतर लगेच मृताची मुलगी एक अत्यंत महत्त्वाचे वाक्य बोलते. रफ कट, म्हणजे कच्चे संकलन, वीस-पंचवीस लोकांना दाखवला तेव्हा आत्यावर इतका हशा झाला की मुलीचे वाक्य कोणाला ऐकूच आले नाही. नवख्या संकलकाला जे सुचते तेच मला सुचले: हशा विरून जाईल इतकी जागा मध्ये सोडायची. मी जवळपास दोन सेकंद, म्हणजे 48 फ्रेम वाढवल्या. दिग्दर्शकाने ते पाहिले आणि नको म्हणाला. मग आम्ही उलटे केले. जागा काढून टाकली, वाक्यही काढले आणि हशा ऐन भरात असताना मुलीच्या चेहऱ्यावर कट केला. पुढच्या वेळी प्रेक्षक हसता हसता थांबले, आणि ते थांबणे आम्ही लिहिलेल्या कुठल्याही वाक्यापेक्षा जड होते. तेव्हापासून मी एवढे समजतो की हसणारा माणूस बेसावध असतो, आणि जी गोष्ट तो एरवी दाराबाहेर अडवून धरेल ती त्या क्षणी आत शिरते.

हा सिनेमा त्याच बेसावध क्षणावर चालतो. पोलीस ठाण्यात विलोबी आणि मिल्ड्रेड समोरासमोर बसले आहेत. तिने दंतवैद्याच्या नखात त्याचेच ड्रिल घुसवले आहे आणि ती ते सरळ चेहऱ्याने नाकारते आहे. दोघेही एकमेकांना टोमणे मारत आहेत, आपण हसत आहोत, आणि विलोबीला खोकल्याची उबळ येऊन त्याच्या तोंडातले रक्त तिच्या चेहऱ्यावर उडते. तो दचकून म्हणतो की मी मुद्दाम नाही केले. आणि आतापर्यंत त्याला गावभर उघडा पाडणारी ही बाई क्षणात, लहान मुलाला म्हणावे तशी, त्याला 'बाळा' म्हणते आणि मदत आणायला धावते. इथे कोणी कोणाची माफी मागितलेली नाही आणि कोणी दिलेलीही नाही. होर्डिंग तशीच उभी राहणार आहेत. पण वैर एका बाजूला ठेवून तिचे शरीर आधी पुढे झाले, आणि मन अजून मागेच आहे. माझ्या मते या सिनेमातली क्षमा सगळीकडे अशीच येते: हाताने आधी, विचाराने मागाहून, आणि तोंडाने जवळजवळ कधीच नाही.

विलोबीच्या मृत्यूनंतर येणारी तीन पत्रे याच नजरेने पाहावीत. आजाराने शेवटी आपली काय अवस्था होईल ते बायकोने पाहू नये म्हणून तो स्वतःचे आयुष्य संपवतो (हा भाग तुमच्या घरात कोणाला जड जाण्यासारखा असेल तर आधी सांगून ठेवा), आणि बायकोला, मिल्ड्रेडला व डिक्सनला एकेक पत्र ठेवून जातो. मिल्ड्रेडला तो कळवतो की तुझ्या होर्डिंगचे पुढच्या महिन्याचे पाच हजार डॉलर मीच भरले आहेत. माझ्या मृत्यूचे खापर गाव तुझ्यावर फोडणार आणि तरीही तुला महिनाभर ते फलक सांभाळत बसावे लागणार, याची त्याला मनापासून गंमत वाटते आहे. ही मदत आहे की मेलेल्या माणसाने उगवलेला सूड? मी अनेकदा पाहिले आणि मला अजून ते वेगळे काढता आलेले नाही. बहुधा काढूच नये. ज्याने आपल्याला दुखावले त्याचे भले करताना त्याला हलकासा चिमटाही काढावासा वाटतो, हे आपण स्वतःशी कबूल करत नाही, एवढेच.

डिक्सनचे पत्र तर तंत्राच्या दृष्टीने मी विद्यार्थ्यांना पुन्हा पुन्हा दाखवतो. नोकरीवरून काढलेला डिक्सन रात्री रिकाम्या ठाण्यात कानांना हेडफोन लावून पत्र वाचतो आहे. विलोबीचा आवाज त्याला सांगतो आहे की तू आतून चांगला आहेस, तुला राग सोडावा लागेल, प्रेमातून शांतता येते आणि शांततेतून विचार. आपली होर्डिंग पोलिसांनीच जाळली असे समजून मिल्ड्रेड तेव्हा समोरच्या इमारतीतून ठाण्यावर पेट्रोलच्या पेटत्या बाटल्या फेकते आहे. आत कोणी नाही ना, हे पाहण्यासाठी तिने आधी फोन केलेला असतो, पण डिक्सनच्या कानांवर हेडफोन असतात. पत्रातला आवाज शांततेचा उपदेश करतो आणि मागे खिडक्या पेट घेतात. प्रेक्षागृहात इथे हमखास हशा येतो. पण डिक्सन जेव्हा ज्वाळांतून बाहेर पडतो तेव्हा त्याच्या हातात अँजेलाच्या खुनाची फाइल असते, आणि हसणाऱ्याला कळते की त्याने ते पत्र खरेच ऐकले होते.

आता तुमच्या सगळ्यांत अडचणीच्या प्रश्नाकडे येतो. डिक्सनला स्वस्तात माफी मिळते का? जाहिरात कंपनीच्या रेड वेल्बी या तरुणाला तो वरच्या मजल्यावरच्या खिडकीतून खाली फेकतो. तो प्रसंग एकाही कटशिवाय घेतलेला आहे. कॅमेरा डिक्सनसोबत रस्ता ओलांडतो, जिना चढतो आणि पुन्हा खाली येतो, म्हणजे डोळे मिटायला आपल्याला कटचीसुद्धा सवड मिळत नाही. आगीनंतर तोच डिक्सन पट्ट्यांनी गुंडाळलेल्या अवस्थेत रुग्णालयात वेल्बीच्याच खोलीत येतो. हा कोण आहे ते न कळल्याने वेल्बी त्याला धीर देतो. डिक्सन रडत माफी मागतो, वेल्बीला ओळख पटते आणि तो हादरतो. आता हा मारणार, असे डिक्सनला वाटते आणि आपल्यालाही वाटते. वेल्बी थरथरत्या हाताने संत्र्याचा रस ओततो, त्याच्यापुढे ठेवतो आणि पेल्यातली नळी त्याच्या तोंडाच्या दिशेला वळवतो. वेल्बीने त्याला माफ केले का, मला माहीत नाही. त्याने नळी वळवली, एवढे मला दिसले. माझ्या दृष्टीने हा या सिनेमाचा मध्य आहे, आणि तो स्वस्त नाही, कारण त्याची किंमत डिक्सन भरत नसून वेल्बी भरतो.

पण तुमच्या आक्षेपात तथ्य आहे, आणि माझी तक्रार त्याच्याही पुढची आहे. डिक्सनने कोठडीत एका कृष्णवर्णीय माणसाला छळले, हे सिनेमात अनेकदा, बव्हंशी विनोदाच्या ओघात, बोलले जाते. तो माणूस एकदाही पडद्यावर येत नाही. त्याला चेहरा नाही, नाव नाही, हातात रसाचा पेला नाही. क्षमा करण्याचा अधिकार ज्याला दुखापत झाली त्याचाच असेल, तर डिक्सनचा सगळ्यांत मोठा हिशेब उघडलाच गेलेला नाही, आणि बाकीचे सारे त्याच्या बदलाकडे कौतुकाने पाहत आहेत. मिल्ड्रेडची सहकारी डेनिस आणि नवा पोलीसप्रमुख ॲबरक्रॉम्बी ही कृष्णवर्णीय पात्रे सिनेमात आहेत, पण त्यांच्या मनात काय चालले आहे हे पाहायला कथानक थांबत नाही. सिनेमा प्रदर्शित झाल्यावर अमेरिकेत ही टीका जोरात झाली आणि ती मला पटते. भरदिवसा ठाण्यासमोर माणूस खिडकीतून फेकला गेला आणि फेकणाऱ्याची फक्त नोकरी गेली, हेही मला कधी गळी उतरलेले नाही. लेखकाला डिक्सन पुढच्या कथेसाठी मोकळा हवा होता, हे तिथे उघड दिसते.

मात्र डिक्सनच्या माफीवर इतके बोलताना मिल्ड्रेडची स्वतःशी चाललेली लढाई नजरेआड होते, आणि तुमच्या आईंना सिनेमा कुठे लागला असेल याचा माझा अंदाज तिथलाच आहे. पूर्वस्मृतीच्या एका छोट्या प्रसंगात अँजेला गाडी मागते, मिल्ड्रेड देत नाही. घरात सगळेच एकमेकांना शिव्या देतात आणि ती शिवराळ कुरबूर इतकी ओळखीची आहे की आपण हसतो. मुलगी चिडून म्हणते की मी चालत जाईन आणि वाटेत माझ्यावर बलात्कार होवो; आई दारातून तेच वाक्य तिला परत फेकते. हे सांगण्यासाठी दिग्दर्शक संगीत वाढवत नाही, चेहऱ्यावर रेंगाळत नाही. कुठल्याही घरात रागाच्या भरात 'मर मेल्या' म्हटले जाते. या घरात ते खरे झाले. हे एकदा कळल्यावर होर्डिंगचा अर्थ बदलतो. त्यांवरचा सवाल विलोबीला आहे, पण रोज त्या रस्त्याने गाडी नेताना तो वाचणारी पहिली व्यक्ती मिल्ड्रेडच असते. बाहेर एक दोषी उभा केला की आतल्या दोषीला थोडा श्वास घेता येतो. भावाशी तुमचे किंवा आईंचे शेवटचे बोलणे कसे झाले होते हे मी विचारणार नाही; पण आईंना सिनेमातला नेमका कोणता भाग सोसवला नाही हे तुम्हाला हवे असेल, तर या प्रसंगापासून सुरुवात करा.

मॅक्डोना स्वतः उपदेश करत नाही, याचा पुरावा रात्रीच्या जेवणाच्या प्रसंगात मिळतो. होर्डिंग दारूच्या नशेत आपणच जाळली, हे मिल्ड्रेडचा घटस्फोटित नवरा चार्ली तिला तिथे सांगतो, आणि रागातून अधिक मोठा राग जन्मतो असे आपली 19 वर्षांची मैत्रीण म्हणते, हेही ऐकवतो. सिनेमाचे सार म्हणून कोणी फलकावर लावावे असे हे वाक्य. मिल्ड्रेड त्या मुलीला विचारते तेव्हा कळते की तिने ते एका पुस्तकातल्या खुणेच्या पट्टीवर वाचले होते, आणि पुस्तक पोलिओवर होते की पोलोवर, हे तिला आठवत नाही. घोडे असतात ते कोणते, असे ती विचारते. मिल्ड्रेडच्या हातात तेव्हा दारूची बाटली मानेला धरलेली आहे, ती चार्लीच्या डोक्यात बसणार अशी आपली खात्री आहे. ती बाटली टेबलावर ठेवते, या पोरीशी नीट वाग एवढे सांगते आणि निघून जाते. इथेही हातच आधी ठरवतो.

म्हणून शेवट मला अर्धवट वाटत नाही. डिक्सन दारूच्या गुत्त्यात एका माणसाची अशाच गुन्ह्याची बढाई ऐकतो, मार खाऊन त्याच्या त्वचेचा नमुना नखांत आणतो, आणि डीएनए जुळत नाही. अँजेलाच्या खुनाच्या वेळी तो माणूस देशातच नव्हता. खरा गुन्हेगार कधी सापडेल ही आशा तिथे संपते. तरीही हा माणूस दुसऱ्या कोणाचा तरी गुन्हेगार असणारच, असे म्हणून दोघे बंदूक घेऊन आयडाहोला निघतात. वाटेत मिल्ड्रेड कबूल करते की ठाणे मीच जाळले. डिक्सन म्हणतो, दुसरे कोण असणार होते? ती हसते, आणि आठवून पाहा, सिनेमाभर आवळलेला तो चेहरा इथे किती वेगळा दिसतो. मग दोघांनाही वाटते की त्या माणसाला मारायचे नक्की नाही, वाटेत ठरवू. पुढे गाडी परत फिरली असे दाखवले असते तर ते खुणेच्या पट्टीवरचे वाक्य झाले असते, आणि गोळी झाडली असे दाखवले असते तर सिनेमा सूडाचा झाला असता. जिने त्याचा चेहरा जाळला तिच्या शेजारी तो बसला आहे आणि त्याने ते केव्हाच धरून चालले होते, ही घडलेली गोष्ट आहे. आयडाहो अजून घडायचे आहे. संकलक म्हणून मीही तिथेच कापले असते.

आईंसोबत पुन्हा पाहायचा की नाही, हे मी सांगू शकत नाही. ते त्यांच्यावर सोडा आणि त्या नको म्हणाल्या तर विषय वाढवू नका. तुम्ही एकट्याने पाहिलात तर रुग्णालयाचा प्रसंग एकदा आवाज बंद करून पाहा. संवाद गेल्यावर फक्त वेल्बीचे हात उरतात, आणि नळी वळवण्याआधी ते किती वेळ थांबले आहेत ते नीट मोजता येते.